नाल्याकाठचा रस्ता आणि त्याचं फाटक

दिवाळीच्या फराळाला कुणाकडे गेलं की हमखास कुणीतरी म्हणतं, "वसुधाताई, तुम्ही केलेला तो नाल्याकाठचा रस्ता काय सुंदर आहे हो! आम्ही रोज सकाळी जातो." मी चकली मोडते आणि गप्प बसते. यजमानांच्या घरात भांडण नको म्हणून गप्प बसते, एरवी माझा तो स्वभाव नाही. या दिवाळी अंकाच्या संपादकांनी लेख मागताना 'नोकरीतल्या गोड आठवणी' असे शब्द वापरले होते. थोड्या गोड आठवणी आहेत, त्या आधी उरकून घेते. मला लिहायचंय ते वेगळंच आहे आणि ते लिहिताना माझं डोकं फिरणार आहे, हे आधीच सांगितलेलं बरं.

ग्वाल्हेरच्या एका नगर नियोजनाच्या कार्यालयात माझी सगळी नोकरी झाली. कार्यालयाचं नाव लिहीत नाही, पेन्शन तिकडूनच येते. शेवटची काही वर्षं माझ्याकडे मुख्य काम एकच होतं. हजीऱ्याच्या कामगार वस्तीकडून इंदरगंजच्या बाजारपेठेकडे येणाऱ्या एका नाल्याच्या काठाने पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी रस्ता काढायचा, आणि तो लोकांना विचारून काढायचा.

नियोजन म्हणजे मोठ्या टेबलावर नकाशा पसरून रेघ ओढणं, असं लोकांना वाटतं. रेघ सगळ्यात शेवटी येते. आधी चपला झिजवाव्या लागतात. कुठून कोण येतं, कुठे जातं, कुठल्या वळणावर बायका पदर सावरून पावलं झपाझप टाकतात, कुठे सायकलवाला उतरून चालायला लागतो, हे उन्हातान्हात उभं राहून बघावं लागतं. त्यातून पायी चालणारा आणि सायकलवाला एका रस्त्यावर सुखाने नांदत नाहीत. चालणारा मधेच थांबतो, मागे वळून कुणाला हाक मारतो, चपलेतला खडा काढतो. सायकलवाल्याला पुढे काय आहे ते लांबूनच दिसायला हवं. म्हणून रुंदी भरपूर ठेवायची, वळणं मोकळी ठेवायची आणि चढ जवळजवळ नसावाच. हे तिन्ही मला त्या नाल्याकाठी साधलं होतं. एका जुन्या कडुनिंबासाठी मी अख्खा रस्ता वाकवला आणि तरीही समोरून येणारी सायकल झाडाआड लपत नाही. याचा मला आजही अभिमान आहे, तो लपवत नाही.

लोकांच्या सूचना तर काय वर्णाव्या! बेढई, म्हणजे डाळ भरलेली पुरी, विकणारा एक जण म्हणाला, रस्ता माझ्या दुकानावरून न्या. मी विचारलं, का? तर म्हणे, "मैडम, सैर करने वाले को भूख तो लगेगी ना?" म्हशी पाळणाऱ्या एका बाईंनी ठणकावून सांगितलं, "भैंस भी तो पैदल ही चलती है." मला तो मुद्दा बिनतोड वाटला. नाल्याच्या बाजूने मी मातीची एक पट्टी तशीच सोडायला लावली आणि त्यावरून म्हशी आजही जातात. एका सद्गृहस्थांची सूचना होती की रस्ता जरूर करा, पण बाहेरचे लोक येणार नाहीत असं काहीतरी करा. बाहेरचे म्हणजे कोण, असं विचारलं तर म्हणाले, "हेच, हजीऱ्याकडचे." हजीरा ग्वाल्हेरात आहे आणि रस्ता तिथूनच निघतोय, हे मी त्यांना नकाशावर दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, नकाशा पाहिला आणि म्हणाले, "तेच तर सांगतोय."

तेव्हा मी हसले होते. झाल्या गोड आठवणी.

बदनसिंग मला या पाहणीतच भेटला. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे त्याचे दोन्ही पाय कामातून गेलेले. हाताने पॅडल मारायच्या तीनचाकी सायकलवरून तो हजीऱ्याहून इंदरगंजला यायचा. तिथे एका जिन्याखाली त्याची मिक्सर आणि इस्त्री दुरुस्तीची टपरी होती. गरीब बिचारा वगैरे म्हणावं असा हा माणूस अजिबात नव्हता. तोंडाचा फाटका, संशयी, आणि कामातही यथातथाच. माझा मिक्सर त्याने दोनदा दुरुस्त केला आणि दोन्ही वेळा तो पुढच्या चटणीला बंद पडला. पण मोठ्या रस्त्याने येताना रेल्वेच्या पुलाचा चढ त्याला रोज हातांच्या जोरावर चढावा लागायचा. मागून ट्रक भोंगा वाजवायचे. कधी कुणी मागून सायकल ढकलायचं आणि वर पोचल्यावर पुण्य कमावल्यासारखी त्याच्या पाठीवर थाप मारून जायचं. त्या थापेचा त्याला चढापेक्षा जास्त राग होता.

नाला रुळांच्या खालून जातो. त्यामुळे त्याच्या काठचा रस्ताही खालून गेला आणि चढ उरला नाही. रस्ता सुरू झाला तेव्हा दोन्ही टोकांना मी नुसते खांब लावले होते. चारचाकी आत येऊ नये, पण सायकल, हातगाडी, तीनचाकी सहज जावी, एवढं अंतर ठेवून. पहिल्याच आठवड्यात बदनसिंगने मला गाठलं.

"काए मैडम, जे खंभे कब तक रहेंगे? अखबार में फोटू छपने तक?"

"हमेशा रहेंगे," मी म्हणाले.

"हओ, देखेंगे," असं म्हणून तो निघून गेला. पण दुकान आता तो लवकर उघडायला लागला होता, हे मी पाहत होते.

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर माझा राग खोटा ठरेल. आमच्या ओळखीचे नाना, नया बाजारात राहणारे निवृत्त प्राध्यापक. पूर्वज दरबारात दप्तर सांभाळायचे आणि नानांच्या बोलण्याचालण्यात ते दप्तर अजून बंद झालेलं नाही. माझ्या वडिलांचे ते मित्र, मला लहानपणापासून ओळखणारे. या रस्त्यावर सकाळी फिरणाऱ्यांचं त्यांनी मंडळ केलं होतं. त्यांच्या पत्नी इंदूकाकू एका मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. मुलं परदेशात, घरात दोघंच. एका सकाळी मोटरसायकलवर एक पोरगा खांबांमधून आत घुसला आणि काकूंना उडवून पळून गेला. कमरेखालचं हाड मोडलं, मोठी शस्त्रक्रिया झाली. मोटरसायकली रोज घुसत होत्या हे खरं होतं आणि त्यांचं काहीतरी करायलाच हवं होतं.

काय करायचं? इथे आमच्या धंद्याची एक साधी गोष्ट समजून घ्या. मोटरसायकल अंगाने अरुंद असते आणि तीनचाकी रुंद. खांब जवळ आणून मोटरसायकल अडवायला गेलात की तीनचाकी त्याच्या कितीतरी आधी अडते. लोखंडी नळ्यांचं वळणावळणाचं फाटक बसवलं तर माणूस अंग तिरकं करून जातो, सायकलवाला चाक उचलून कसाबसा जातो आणि तीनचाकी बाहेर राहते ती कायमची. मोटरसायकलवाल्या पोराला काय, तो हसत मोठ्या रस्त्याने निघून जातो. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. यावर जगात एकच उपाय आहे: खांबांपाशी माणूस ठेवायचा आणि घुसणाऱ्याला दंड करायचा. मी तसं लिहून दिलं. आमचे साहेब मोठे सज्जन, कुणालाच नाही म्हणायचे नाहीत. मलाही नाही म्हणाले नाहीत. फक्त "इसका प्रावधान नहीं है", म्हणजे तशी तरतूद नाही, असं म्हणाले आणि जनतेचं मत घ्यायला सुनावणी लावली.

सुनावणी एका सभागृहात होती, आणि सभागृह पहिल्या मजल्यावर. लिफ्ट नाही. हे मला त्या दिवशी सकाळी कळलं. मी साहेबांना म्हणाले, खाली पोर्चमध्ये खुर्च्या टाकू. ते म्हणाले, माइक वर लागलाय, बॅनर वर बांधलाय, पाहुणे वर बसलेत. आमच्याकडच्या सुनावणीत पाहुणे असतात, हे बाहेरगावच्या वाचकांना सांगायला हवं. आधी दीपप्रज्वलन, मग स्वागत, मग शाल-श्रीफळ, मग ज्यांचा सत्कार झाला त्यांचं भाषण, मग ज्यांचा राहिला त्यांची समजूत. जनता बोलते ती चहा येता येता.

बदनसिंग आला होता. जिन्याशी सायकल लावून, इस्त्री केलेला सदरा घालून बसला होता. मी खाली गेले, तशा माझ्यामागे नानाही उतरले. नाना वाईट माणूस नाहीत, हीच तर खरी अडचण आहे. त्यांनी चार तरुणांना हाक मारली आणि म्हणाले, "भैया, चिंता मत करो, हम उठाकर ऊपर ले चलेंगे."

बदनसिंग म्हणाला, "काए, मैं कोई दूल्हा हूँ? आप लोग नीचे आ जाओ. आपके तो पाँव हैं."

नानांचा चेहरा पडला. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "वसू बेटा, बघ, आपण इतक्या प्रेमाने म्हणून राहिलो आणि हा असा जवाब देतो. एका माणसासाठी तू सगळ्यांना कशाला मुसीबतमध्ये टाकतेस?"

"नाना, तो प्रेम मागत नाहीये, रस्ता मागतोय," मी म्हणाले. ते मान हलवत वर गेले.

हात वर करून मत घेतलं. फाटकाच्या बाजूने सगळं सभागृह. विरोधात माझा हात, जो अधिकाऱ्याचा म्हणून धरला नाही. मी उभी राहून म्हणाले, एक हात खाली जिन्यापाशी आहे, तो धरा. साहेब माइकवरून अत्यंत गोड आवाजात म्हणाले, "मैडम, जो सदन में उपस्थित हैं, उन्हीं का माना जाएगा." टाळ्या झाल्या. कुणीतरी "काकूंच्या सुरक्षेसाठी" असंही ओरडलं. काकू त्या वेळी घरी पलंगावर होत्या आणि त्यांना यातलं काहीच कुणी विचारलं नव्हतं. एवढ्या वर्षांत मी पुष्कळ वाईट निर्णय पाहिले. साहेबांच्या लहरीने झालेले, ठेकेदाराच्या सोयीने झालेले. त्यांच्याशी भांडता येतं. हा निर्णय लोकशाहीचा हार गळ्यात घालून आला होता, त्याच्याशी कसं भांडायचं ते मला आजवर कळलेलं नाही.

फाटक बसलं, एकाच म्हणजे इंदरगंजच्या टोकाला, कारण एका टोकाला अडलं की आरपार कुणालाच जाता येत नाही. बदनसिंग एकदा तिथवर आला, नळ्यांकडे बघितलं, एक सणसणीत शिवी दिली आणि सायकल वळवली. पुन्हा पुलाचा चढ, पुन्हा ट्रक, पुन्हा पाठीवर थापा. त्यानंतर लवकरच मी निवृत्त झाले. निरोप समारंभात माझ्या हाती त्याच रस्त्याचा फ्रेम केलेला फोटो दिला. तो मी माळ्यावर टाकला आहे, भिंतीकडे तोंड करून.

गोष्ट इथे संपली असती तर मी हा लेख लिहिला नसता. असल्या गोष्टी प्रत्येक शहरात होतात.

काकूंचं हाड जुळलं, पण चालणं परत आलं नाही. चाकांची खुर्ची आली. सकाळी एक बाई येऊन त्यांचं सगळं करायची आणि दुपारच्या आत निघून जायची. डॉक्टरांनी मोकळ्या हवेत न्या म्हणून सांगितल्यावर नाना त्यांना हौसेने रस्त्यावर घेऊन गेले. खुर्ची फाटकाशी अडली. नानांनी मागून ढकलून पाहिली, वाकडी करून पाहिली. अडणारच होती, मी लिहून दिलं होतं.

आणि मग काय चमत्कार झाला म्हणता! ज्या कार्यालयात 'प्रावधान' नव्हतं, तिथून आठवड्याभरात माणसं आली. फाटकाच्या बाजूला चांगलं रुंद दार बसलं, सफाईची हातगाडी जाईल एवढं. त्याला कुलूप, आणि किल्ली नानांच्या घरी. काकूंपुरतं सकाळी उघडायचं आणि बंद करायचं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं!

मी तडक नया बाजारात गेले. म्हटलं, "नाना, त्या दारातून तीनचाकी आरामात जाते. बदनसिंगला एक किल्ली द्या."

"किल्ली कशी देऊ बेटा? उद्या सगळे मागतील. त्याला सांग, सकाळी आम्ही असतो तेव्हा येत जा, आम्ही खुद्द उघडू."

"त्याचं दुकान सकाळी साडेसहाला उघडत नाही. आणि तो परत कसा येणार?"

"तू फिजूल हट्ट करतेस. तिथून मग मोटरसायकली नाही का येणार? हिचे हाल विसरलीस का?"

काकू खुर्चीत बसून मटार सोलत होत्या. त्यांनी विचारलं, "बदनसिंग कोण?" मी सांगितलं. जिना, हात, माइक, सगळं सांगितलं. त्यांनी हातातली शेंग ताटलीत ठेवली. मग नानांना एवढंच म्हणाल्या, "माझ्या नावाने केलंत हे? मला विचारायचं होतं." नाना आत चहा टाकायला गेले.

त्यानंतर ते कुलूप हरवायला लागलं. सकाळी काकूंची खुर्ची ढकलणारी बाई दार उघडायची आणि कुलूप काकूंच्या मांडीवरच्या पिशवीत जायचं. घरी आल्यावर पिशवीत कुलूप नसायचं. नानांनी नवं आणलं. तेही गेलं. "म्हातारपणी लक्षात राहत नाही हो," काकू म्हणायच्या. ज्यांना शाळेतल्या पोरींची हजेरी अजून नावनिशीवार पाठ आहे, त्या काकू! दार दिवसभर उघडं राहायला लागलं आणि मी बदनसिंगच्या टपरीवर जाऊन निरोप दिला. त्याने डोळे बारीक करून विचारलं, "जे कोई नाटक तो नईं है?" पण दुसऱ्या दिवशी आला.

मोटरसायकलीही आल्या, खोटं कशाला बोलू. मंडळाने तक्रार केली. एका सकाळी काकूंचा फोन आला, "वसू, ते दार कायमचं बंद करायला वेल्डिंगवाले आलेत. लवकर ये."

मी पोचले तेव्हा काकूंची खुर्ची बरोबर त्या दाराच्या मधोमध होती आणि दोन्ही चाकांचे ब्रेक लावलेले होते. नाना बाजूला उभे राहून हलक्या आवाजात विनवत होते, "इंदू, घरी चल. लोक बघून राहिले."

"बघू देत. ही माझी सुनावणी आहे," काकू म्हणाल्या. "फाटकापाशी माणूस ठेवा म्हणून हिने सांगितलं होतं. ठेवा माणूस. तोपर्यंत मी बसते."

वेल्डिंगवाले बिचारे पोटार्थी. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि चहाला गेले. तेवढ्यात हजीऱ्याच्या बाजूने बदनसिंग आला. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. दारात खुर्ची बघून त्याने घंटी वाजवली.

"अम्मा, हटो ज़रा, दुकान खोलनी है."

काकूंनी ब्रेक काढले. बाईने खुर्ची मागे घेतली, बदनसिंग आतून बाहेर पडला, आणि काकू पुन्हा दारात येऊन बसल्या. आभार नाहीत, नमस्कार नाही. तो वळूनही न बघता इंदरगंजच्या दिशेने गेला. असं जाता यावं म्हणूनच तर आम्ही रस्ते करतो. माझ्या सगळ्या नोकरीत मला एवढा आनंद कधी झाला नव्हता. काकूही खूश होत्या. ऊन चढलं, वेल्डिंगवाले सामान उचलून परत गेले आणि नाना काकूंना घेऊन घरी आले. नानांनी स्वतः वरण-भात लावला, असं काकूंनी मला संध्याकाळी कौतुकाने सांगितलं. "उद्या पुन्हा बसणार," असंही म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुणीच आलं नाही. काकू दारात बसल्या, बदनसिंग गेला, काही झालं नाही. वेल्डिंगवाले आले ते भर दुपारी, बाई निघून गेल्यावर आणि काकू जेवून झोपल्यावर. त्या उठून चहा घेईपर्यंत दार चारी बाजूंनी जोडून झालं होतं.

काकूंनीच मला फोन करून हे सांगितलं. मी साहेबांना, मंडळाला, सगळ्यांना शिव्या घालायला लागले. त्यांनी मला थांबवलं. "त्यांना कशाला बोलतेस?" त्या म्हणाल्या. "मी दुपारी किती वाजता झोपते, हे या घराबाहेर कुणालाच माहीत नाही."